मॅन्युअल म्हणतं ०डब्ल्यू-२०, मेकॅनिक म्हणतो जाड टाका: मग गाडीत कोणतं ऑइल घालायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरगुती वापराची पेट्रोल गाडी, ८०,००० किलोमीटर झालेली. मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० लिहिलंय. मेकॅनिकचं म्हणणं, "एवढ्या उन्हाळ्यात हे पाण्यासारखं ऑइल टिकत नाही. इंजिनही आता जुनं झालं. २०डब्ल्यू-५० टाकू, आवाजसुद्धा कमी येईल." दुकानात जावं तर एकाच ग्रेडचे चार डबे समोर येतात. एकावर 'फुल्ली सिंथेटिक', दुसऱ्यावर 'सिंथेटिक टेक्नॉलॉजी', तिसऱ्यावर नुसतीच मोटारीची चित्रं.

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. ०डब्ल्यू-२० च घ्या आणि डब्यावर एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या संस्थेचा एसपी किंवा त्यानंतरचा दर्जा आहे ना, ते बघा. मॅन्युअलच्या तक्त्यात ५डब्ल्यू-३० ला मुभा दिली असेल तर तेही बेलाशक चालेल. २०डब्ल्यू-५० या इंजिनात घालू नका. ब्रँड कोणता, हा प्रश्न सगळ्यात शेवटचा. त्याच्या आधी डब्याच्या मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचायची असतात, आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

आकडे जाडी सांगतात, दर्जा नाही

०डब्ल्यू-२० मधला 'डब्ल्यू' म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा ऑइल थंडीत किती सहज फिरतं ते सांगतो, नंतरचा आकडा तापल्यावर ते किती जाड राहतं ते सांगतो. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे-३०० या मानकात ही मोजमापं ठरलेली आहेत, आणि जाडी सेंटिस्टोक या एककात मोजतात. १०० अंश सेल्सिअसला '२०' ग्रेडचं ऑइल ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक, '३०' चं ९.३ ते १२.५, '४०' चं १२.५ ते १६.३ आणि '५०' चं १६.३ ते २१.९ च्या दरम्यान असावं लागतं. थंडीची चाचणी ०डब्ल्यूसाठी उणे ३५ अंशांना होते, ५डब्ल्यूसाठी उणे ३० ला, १०डब्ल्यूसाठी उणे २५ ला, आणि पुढे याच क्रमाने.

आता 'पाण्यासारखं पातळ' या तक्रारीकडे बघू. ०डब्ल्यू-२० हे ४० अंशांना साधारण ४० ते ४५ सेंटिस्टोक असतं आणि १०० अंशांना ८ च्या आसपास. म्हणजे सकाळी गाडी सुरू करता तेव्हा हेच 'पातळ' ऑइल इंजिनाला हव्या असलेल्या जाडीच्या पाचपट जाड असतं. २०डब्ल्यू-५० त्याच ४० अंशांना १६० च्या पुढे असतं. इंजिन थंड असताना ऑइल पातळ असल्याची काळजी कधीच नसते, असते ती जाड असल्याची.

बाहेरच्या उन्हाचा मुद्दाही वाटतो तेवढा मोठा नाही. इंजिनाचं तापमान थर्मोस्टॅट सांभाळतो. कूलंट ९० अंशांच्या आसपास राहतं आणि चेंबरमधलं (इंजिनाच्या तळाच्या टाकीतलं) ऑइल साधारण ९० ते ११० च्या पट्ट्यात. बाहेर २० अंश असोत की ४२, या पट्ट्यात फरक पडतो तो थोडाच. ऑइल खरं तापतं ते भरलेली गाडी लांब घाट चढताना, मागे ट्रेलर ओढताना किंवा तासन् तास भरधाव चालवताना. तुमचा वापर तसा असेल तर मॅन्युअलच्या तक्त्यातला वरचा ग्रेड घ्यावा. हा तक्ता बहुतेक मॅन्युअलमध्ये असतो: खाली तापमानाची पट्टी आणि वर आडव्या रेघांनी दाखवलेले चालणारे ग्रेड. एकाच इंजिनाला वेगवेगळ्या बाजारांत वेगवेगळे ग्रेड दिलेले दिसतात, त्यामुळे आपल्याच प्रदेशाचं मॅन्युअल बघा. इंटरनेटवर सापडलेली दुसऱ्या देशाची पीडीएफ धरून बसू नका.

जाड ऑइलने बिघडतं काय?

ऑइल पंप ठराविक आकारमानाचं ऑइल ढकलतो. ऑइल जाड असलं की प्रेशर वाढतं, रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि पंपाने उचललेल्या ऑइलचा काही भाग बेअरिंगपर्यंत न जाता थेट चेंबरमध्ये परततो. प्रेशर भरपूर, प्रवाह कमी, अशी गत होते. बेअरिंगला थंड ठेवतो तो प्रवाह.

दुसरी अडचण व्हीव्हीटीची, म्हणजे व्हॉल्व्हची वेळ मागेपुढे करणाऱ्या यंत्रणेची. ती ऑइलच्याच जोरावर चालते. कॅमच्या टोकाच्या फेजरमध्ये (प्रत्यक्ष वेळ बदलणाऱ्या भागात) बारीक वाटा असतात, सोलेनॉइडच्या (ऑइल सोडणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हच्या) तोंडाशी बारीक जाळी असते. कॉम्प्युटर म्हणतो, "आता वेळ इतके अंश पुढे घे," आणि जाड ऑइल तिथे पोचेपर्यंत क्षण निघून जातो. पिकअप मंदावतो, थंड इंजिनाचं रनिंग बिघडतं आणि कधी चेक इंजिनचा दिवा लागून पी००११ सारखा कोड येतो. मग सोलेनॉइड बदलला जातो, कधी फेजरही, आणि कोड तरीही परत येतो. हा कोड आल्यावर पहिली तपासणी ऑइलची पातळी, ग्रेड आणि शेवटचं ऑइल कधी बदललं याची करायची. सुटे भाग त्यानंतर.

चेन टेन्शनर आणि हायड्रॉलिक टॅपेटचंही तेच. सकाळी स्टार्टरनंतर दोन-तीन सेकंद खडखड येत असेल तर ऑइल वर पोचायला उशीर होतोय. यावर ऑइल जाड करणं हा उपाय नाही, उलट त्याने उशीर वाढतो. मेकॅनिक ज्या आवाजाबद्दल बोलतोय तो गरम इंजिनाचा आवाज आहे. जाड थराने तो दबतो हे खरं, पण झीज जिथल्या तिथेच राहते, फक्त ऐकू येईनाशी होते.

मग जाड ऑइल कधीच घालू नये का? घालावं, पण कारण मोजून. गाडी ऑइल खाते, गळती कुठेच नाही, पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये नेणारा) तपासून झालाय, आणि तरी दर १,००० किलोमीटरला पातळी ठळकपणे उतरते, असं असेल तर एक पायरी वर जा: २० वरून ३०, किंवा ३० वरून ४०. गरम इंजिनाचं आयडलिंगचं प्रेशर गेज लावून मोजलं आणि ते कंपनीच्या किमान आकड्याखाली आलं, तरीही तसंच. एकदम २०डब्ल्यू-५० वर उडी मारायची नाही. आणि निव्वळ ८०,००० किलोमीटर झाले म्हणून इंजिन जुनं होत नाही. वेळेवर ऑइल बदललेलं इंजिन या टप्प्यावर चांगलं मध्यमवयीन असतं.

मागच्या बाजूची बारीक अक्षरं

एपीआयचं वर्गीकरण दोन अक्षरांचं. 'एस' ने सुरू होणारं पेट्रोलसाठी, 'सी' ने सुरू होणारं डिझेलसाठी. दुसरं अक्षर वर्णमालेत जितकं पुढचं, तितका दर्जा नवा. पेट्रोलमध्ये एसएन २०१० चा, एसपी २०२० चा आणि एसक्यू २०२५ चा. पेट्रोलमध्ये नवा दर्जा जुन्याची जागा घेऊ शकतो: मॅन्युअल एसएम किंवा एसएन मागत असेल तर एसपी चालतं, उलटं चालत नाही. गंमत म्हणजे एसए हा दर्जाही कागदावर अजून आहे, आणि त्याबद्दल एपीआयचाच इशारा असा की १९३० नंतर बनलेल्या बहुतेक पेट्रोल इंजिनांना ते योग्य नाही. डब्यावर 'एपीआय' एवढंच मोठ्या अक्षरात लिहिलं असेल तर पुढची दोन अक्षरं शोधा.

एसपी आग्रहाने सांगण्यामागे एक कारण आहे. लहान टर्बो पेट्रोल इंजिनांत, जिथे इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, तिथे कमी आरपीएम आणि जास्त लोड असताना ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेट घेतं. याला एलएसपीआय म्हणतात. एका झटक्यात पिस्टनची रिंगलँड, म्हणजे दोन रिंगांमधली कडा, तुटू शकते. ऑइलमधल्या कॅल्शियमयुक्त डिटर्जंटचा याच्याशी संबंध आढळला, म्हणून एसएन प्लस आणि एसपीमध्ये यासाठी वेगळी चाचणी आली आणि उत्पादकांनी कॅल्शियमचा काही भाग मॅग्नेशियमने बदलला. तुमची गाडी टर्बो पेट्रोल असेल तर इथे तडजोड नको.

युरोपीय पद्धतीच्या इंजिनांना एसीईएची, म्हणजे युरोपातल्या गाडी उत्पादकांच्या संघटनेची, वर्गवारी लागते, आणि इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. दोन डबे शेजारी ठेवा, दोन्हींवर ५डब्ल्यू-३०. एकावर ए५/बी५, दुसऱ्यावर सी३. जाडीचा आकडा तोच, पण ऑइल वेगळं. बेअरिंगमध्ये ऑइलचा थर काही मायक्रॉनचा असतो आणि तिथे तो प्रचंड वेगाने घासला जातो. त्या परिस्थितीतली जाडी १५० अंशांना वेगळी मोजतात, तिला एचटीएचएस म्हणतात. ए५/बी५ मध्ये ती २.९ ते ३.५ च्या दरम्यान असते, सी३ मध्ये किमान ३.५ लागते. पहिलं ऑइल इंधन वाचवण्याकडे झुकलेलं, दुसरं थर टिकवण्याकडे. ज्या इंजिनाचे बेअरिंग ३.५ साठी बनवलेत, त्यात २.९ चं ऑइल घालून लांब हायवेवर भरधाव नेलं तर झीज वाढते. आणि डब्याच्या दर्शनी बाजूला हा फरक कुठेही दिसत नाही!

राखेचंही असंच. ऑइलमधली धातूंची द्रव्यं जळून राख उरते. सी३ मध्ये सल्फेटेड अ‍ॅश ०.८ टक्क्यांपर्यंतच चालते, ए३/बी४ मध्ये ती १.६ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. साध्या पेट्रोल इंजिनाला याने फारसं बिघडत नाही. पण डिझेलला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असेल तर बिघडतं. काजळी रिजनरेशनमध्ये, म्हणजे फिल्टर तापवून साफ केला जातो तेव्हा, जळून जाते, राख जळत नाही. ती फिल्टरच्या नळ्यांत साचत जाते आणि एक दिवस फिल्टर काढून साफ करण्यावाचून किंवा बदलण्यावाचून पर्याय उरत नाही. त्यामुळे डीपीएफवाल्या डिझेलमध्ये 'आपल्याकडे शिल्लक होतं ते' घालणं महागात पडतं. सीके-४ सारखे एपीआयचे डिझेल दर्जे मुख्यतः जड वाहनांसाठी बेतलेले आहेत. मोटारीच्या डिझेलला मॅन्युअल सी२, सी३ किंवा कंपनीचं स्वतःचं अप्रूव्हल मागत असेल तर तेच शोधा. आणि पेट्रोलमधल्या नव्याने जुन्याची जागा घेण्याचा नियम इथे लावू नका. सी५ हे सी३ नंतर आलं म्हणून त्याच्या जागी चालत नाही. सी५ ची एचटीएचएस मुद्दाम कमी, २.६ ते २.९ ठेवलेली असते.

कंपनीचं अप्रूव्हल म्हणजे फोक्सवॅगन ५०४ ००/५०७ ००, एमबी २२९.५१, बीएमडब्ल्यू लाँगलाइफ-०४, जीएम डेक्सॉस असली नावं. मॅन्युअलमध्ये असं नाव असेल तर एपीआय आणि एसीईए दुय्यम ठरतात. शब्दही नीट वाचा. 'अप्रूव्हड' किंवा 'अप्रूव्हल' म्हणजे गाडीच्या कंपनीने ते ऑइल तपासून मान्य केलंय. 'मीट्स', 'सूटेबल फॉर' किंवा 'रेकमेंडेड फॉर' हा ऑइलवाल्याचा स्वतःचा दावा. तो खोटाच असतो असं नाही, पण वॉरंटी चालू असताना पहिल्या प्रकारचाच डबा घ्यावा आणि बिल जपून ठेवावं.

सिंथेटिक या शब्दाला किती भाव द्यावा?

कमी. बेस ऑइलचे, म्हणजे रसायनं मिसळण्याआधीच्या मूळ तेलाचे, पाच गट आहेत. पहिला आणि दुसरा मिनरल म्हणवले जातात. तिसरा गट खनिज तेलाचाच, पण हायड्रोजनची जबर प्रक्रिया केलेला. चौथा पीएओ म्हणजे रासायनिक पद्धतीने बांधलेला, पाचव्यात एस्टर वगैरे. १९९९ साली अमेरिकेत जाहिरातींवरच्या एका वादात तिसऱ्या गटालाही 'सिंथेटिक' म्हणायला वाट मोकळी झाली, आणि आज 'फुल्ली सिंथेटिक' लिहिलेल्या बहुतेक डब्यांत मुख्य बेस तिसऱ्या गटाचाच असतो. त्यात वाईट काही नाही, ते उत्तम ऑइल असतं. 'सेमी सिंथेटिक' आणि 'सिंथेटिक टेक्नॉलॉजी' या शब्दांना मात्र ठराविक टक्केवारीचा आधार नाही.

शिवाय ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ हे ग्रेड साध्या मिनरल बेसमधून बनतच नाहीत. थंडीची चाचणी आणि उडून जाण्याची मर्यादा एकाच वेळी सांभाळायची तर तिसऱ्या किंवा चौथ्या गटाचा बेस लागतोच. त्यामुळे तुमच्या गाडीपुरता 'मिनरल की सिंथेटिक' हा प्रश्नच उरत नाही. जुन्या, १०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-४० मागणाऱ्या गाडीत तो उरतो. तिथे माझं मत असं की वेळेवर बदललेलं साधं ऑइल हे दुप्पट किलोमीटर ताणलेल्या सिंथेटिकपेक्षा केव्हाही बरं.

काही गाड्यांचे खास चोचले

काही लहान पेट्रोल इंजिनांत टायमिंग बेल्ट ऑइलमध्येच भिजलेला चालतो. अशा गाडीत चुकीचं ऑइल घालणं ही या लेखातली सगळ्यात महाग चूक. बेल्टचं रबर त्या एकाच अप्रूव्हलच्या ऑइलशी जुळवलेलं असतं. दुसरं ऑइल, किंवा इंधन मिसळून बिघडलेलं जुनं ऑइल, रबर फुगवतं आणि त्याचे कण सुटतात. ते चेंबरमधल्या पिकअपच्या जाळीवर जाऊन बसतात, प्रेशर पडतं आणि बेल्ट तुटायच्या आधीच इंजिन जाम होऊ शकतं. फ्लश नावाचं पातळ द्रव्य या इंजिनांत चुकूनही घालू नका. तसं ते इतर इंजिनांतही क्वचितच लागतं.

टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि त्याला आधार फक्त ऑइलच्या थराचा. घाट चढून आल्यावर लगेच चावी फिरवली तर थांबलेलं ऑइल टर्बोच्या उष्णतेत करपून त्याच्या नळीत कोळसा धरतो. मिनीटभर आयडलिंगवर ठेवून मग बंद करा.

गॅसवर चालणाऱ्या गाडीचं ऑइल बराच काळ सोनेरी दिसतं, कारण काजळी जवळजवळ नसते. त्या रंगावर भुलू नका. ज्वलनाच्या जास्त तापमानामुळे आणि नायट्रोजन ऑक्साइडमुळे ते आतून झिजतच असतं. रंग सोडा, किलोमीटर धरा. डिझेलचं उलट: नवं ऑइल काही दिवसांतच काळं होतं आणि मालक घाबरतो. काजळी उचलून स्वतःत धरून ठेवणं हेच त्याचं काम, ते ते करतंय.

हायब्रिडमध्ये इंजिन वारंवार बंद-चालू होतं, ऑइल पुरतं तापतच नाही आणि त्यात पाणी आणि पेट्रोल साचतं. तिथे ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० लिहिलेलं असतं ते उगाच नाही. आणि मोटरसायकलचं जेएएसओ एमए ऑइल गाडीत, किंवा गाडीचं मोटरसायकलमध्ये घालायचं नाही. दुसऱ्या प्रकारात क्लच घसरायला लागतो.

किती किलोमीटरला?

मॅन्युअलमध्ये दोन वेळापत्रकं असतात, एक साधं आणि एक कठीण वापरासाठी. आपण सगळे साधं वाचतो आणि वापरतो मात्र कठीण. हे हिशेबाने बघा. ट्रॅफिकमध्ये सरासरी वेग ताशी १५ किलोमीटर असेल तर १०,००० किलोमीटरला इंजिन साधारण ६६७ तास चालतं. हायवेवर ताशी ६० च्या सरासरीने तेच अंतर १६७ तासांत होतं. ओडोमीटर सारखाच, ऑइलने केलेलं काम चौपट. डॅशबोर्डवर सरासरी वेग दिसत असेल तर तो बघा. २० च्या आसपास असेल तर कठीण वापराचं वेळापत्रक धरा, म्हणजे बहुतेक गाड्यांत अंतर निम्म्याच्या जवळ येतं.

दुसरा मारेकरी म्हणजे छोट्या फेऱ्या. शाळा आणि भाजी, तीन-चार किलोमीटर जाऊन गाडी बंद. ऑइल ७०-८० अंशांच्या वर जातच नाही, ज्वलनातलं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल त्यातून उडून जात नाही. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते आणि माणूस खूश होतो की गाडी ऑइल खात नाही! ती वाढ पेट्रोलची असते. डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा स्पष्ट दर्प आला तर किलोमीटर न बघता ऑइल बदला. डिझेलमध्ये अर्धवट सुटलेल्या रिजनरेशनमुळे हेच होतं. पातळी कमाल खुणेच्या वर गेली असेल तर गाडी चालवू नका.

किलोमीटर फारच कमी होत असतील तरी वर्षातून एकदा ऑइल बदलाच.

बदलताना

इंजिन पाच-दहा मिनिटं चालवून कोमट करा, सपाट जागेवर लावा, वरचं झाकण सैल करा. चेंबरचा नट काढल्यावर निदान दहा-पंधरा मिनिटं निथळू द्या. नटाचा वॉशर दर वेळी नवा. अ‍ॅल्युमिनियमचा चेंबर असेल तर लांब पान्याने जोर लावू नका, आटे गेले की काम वाढतं. मॅन्युअलमधल्या टॉर्कवर थांबा.

फिल्टर काढल्यावर बसण्याची जागा बोटाने फिरवून बघा. जुन्या फिल्टरचं रबर पॅकिंग कधीकधी इंजिनाला चिकटून राहतं. त्यावर नवा फिल्टर बसवला की दोन रबरं एकावर एक येतात, आयडलिंगला सगळं ठीक दिसतं आणि पहिल्या रेसला ऑइल फवाऱ्यासारखं बाहेर येतं. नव्या रबरावर ताज्या ऑइलचा हात फिरवा, टेकेपर्यंत हाताने फिरवा, मग पाऊण फेरा. कागदी काडतुसाचा फिल्टर असेल तर झाकणाचा ओ-रिंग बदला. टॉर्क बऱ्याचदा झाकणावरच कोरलेला असतो.

आता सगळ्यात नेहमीची चूक. गाडीची क्षमता फिल्टरसह ३.१ लिटर, डबा साडेतीन लिटरचा, आणि 'उरलेलं काय करायचं' म्हणून अख्खा डबा रिकामा होतो. जास्तीच्या ऑइलमध्ये क्रँक आपटतो, फेस होतो, फेसाला प्रेशर नसतं. ब्रीदरमधून ऑइल इनटेकमध्ये जातं, सील गळायला लागतात. उरलेलं ऑइल घरी न्या, टॉप-अपला कामी येतं. मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा अर्धा लिटर कमी भरा, इंजिन मिनीटभर चालवा, लाल दिवा काही सेकंदांत विझतो का बघा, नटाखाली आणि फिल्टरखाली बघा, बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा आणि मग थोडं थोडं घालून पातळी कमाल खुणेच्या किंचित खाली आणा. जुनं ऑइल डब्यात भरून पुनर्वापराला द्या, गटारात नको.

डबा तुमच्यासमोर फुटला पाहिजे. सील, झाकणाची कडी, बॅच नंबर आणि उत्पादनाची तारीख बघा. ड्रममधून मापाने दिलेल्या सुट्या ऑइलचा दर्जा कळण्याचा मार्गच नसतो.

मधल्या काळात

दर १,००० किलोमीटरला आणि लांबच्या प्रवासाआधी डिपस्टिक बघा. पुसून, पुन्हा घालून, दोन्ही बाजू वाचायच्या. कमी दिसेल ती बाजू खरी. किमान ते कमाल यांच्यात बहुतेक गाड्यांत पाऊण ते एक लिटर मावतं, त्यामुळे टॉप-अप २००-२५० मिलिलिटरच्या मापानेच करा. डॅशबोर्डवरचा लाल ऑइलचा दिवा प्रेशर गेल्याचा असतो. तो ऑइल कमी झाल्याची आठवण म्हणून लागत नाही. लागला की गाडी बाजूला घेऊन तिथेच बंद करायची, 'पुढच्या पंपापर्यंत' सुद्धा न्यायची नाही.

झाकणाखाली दुधाळ, लोण्यासारखा थर दिसला तर आधी डिपस्टिक आणि कूलंटची टाकी बघा. डिपस्टिक स्वच्छ असेल आणि कूलंट उतरत नसेल तर तो छोट्या फेऱ्यांचा दमटपणा आहे. तासभर हायवेला नेल्यावर तो बहुतेक वेळा जातो. डिपस्टिकवरही दुधाळपणा असेल आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्या आणि गाडी उचलून न्या.

वाटेत पातळी किमान खुणेखाली गेलेली आढळली आणि तुमचा ग्रेड मिळालाच नाही, तर ५डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-३० चं अर्धा लिटर एसपी ऑइल घालून पुढे जा. ब्रँड वेगळा असला तरी एपीआय दर्जाची ऑइलं एकमेकांत मिसळतात, गोळे होत नाहीत. चुकीच्या ग्रेडच्या अर्ध्या लिटरपेक्षा कोरडा पंप कितीतरी वाईट. टायमिंग बेल्ट ऑइलमध्ये चालणाऱ्या गाडीत मात्र असं मिश्रण झालं तर परतल्यावर पुढच्या सर्व्हिसिंगची वाट न बघता ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलून घ्या.